फिरत्या पडद्याखालील अक्षरें

माझ्या टेबलाच्या खणांत एक जुनें यंत्र पडलेलें आहे. अंघोळीच्या साबणाच्या वडीहून तें थोडें लांब आणि जवळजवळ तितकेंच जाड आहे. माझा एक भाचा अमेरिकेंत शिकावयास होता. परत येतांना त्यानें तें बरोबर आणलें, आणि कांहीं दिवसांनीं "मामा, तुम्हांला जुन्या वस्तूंचा नाद आहे" असें म्हणून माझ्या स्वाधीन केलें. या यंत्राच्या पडद्याच्या कडेला अंगठा लावून हलकेंच रेटलें, कीं पडदा आपल्या आंसाभोंवतीं गर्रकन् अर्धा फेरा घेतो, खट् असा आवाज होतो, आणि त्याच्याखालीं दडलेल्या टाइपरायटरासारख्या बारीक कळांच्या ओळी उघड्या पडतात. घरीं आलेल्या पाहुण्यांचीं मुलें तें हटकून मागतात. दहा-वीस वेळां उघडमीट करून झाली म्हणजे तीं विचारतात, "पण याचें आतां काय करायचें?" मुलांच्या या प्रश्नाला उत्तर देतां देतां जी हकीकत सांगावी लागते, तीच आज श्रोत्यांपुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे.

या यंत्राचें मूळ नांव हिपटॉप. मांडीवर घेऊन वापरावयाच्या संगणकाला इंग्रजींत लॅपटॉप म्हणतात. त्याच चालीवर कमरेला लटकावून हिंडावयाच्या या यंत्राला हिपटॉप म्हटलें गेलें. अमेरिकेंत टी-मोबाइल या दूरध्वनि-कंपनीनें तें २००२ सालीं साइडकिक या नांवानें बाजारांत आणलें. साइडकिक म्हणजे कथानायकाचा जिवाभावाचा सांगाती. जें यंत्र दिवसभर अंगाशीं राहावयाचें, त्याला हें नांव शोभून दिसलें. परंतु त्याची थोरवी समजण्यास आधीं टेलिफोनच्या इतिहासांतील एक विसंगति ध्यानांत घ्यावी लागेल.

१८७६ सालीं ज्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं टेलिफोनचें पेटंट मिळविलें, ते व्यवसायानें बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या मातोश्रींना ऐकूं येत नसे. १८७७ सालीं त्यांचा ज्यांच्याशीं विवाह झाला, त्या मेबेल हबर्ड याही लहानपणच्या दुखण्यानें बहिऱ्या झालेल्या असून बेल यांच्याच शिष्या होत्या. ध्वनीचा एवढा सूक्ष्म अभ्यास बेल यांच्या हातून घडला तो मुळीं बहिऱ्यांना बोलावयास शिकविण्याच्या ध्यासांतून. आणि त्या अभ्यासाचें फळ काय, तर ज्याचा उपयोग केवळ कानांनींच होऊं शकतो असें एक यंत्र! ज्यांच्यासाठीं हा माणूस जन्मभर झटला, नेमक्या त्यांनाच त्याच्या सर्वांत मोठ्या शोधानें दाराबाहेर उभें केलें. आपल्या मुंबईंत १८८२ सालीं टेलिफोनचें एक्स्चेंज उघडलें, आणि मूकबधिर मुलांसाठीं शाळा निघाली ती १८८५ च्या सुमारास. एकाच शहरांत, तीन-चार वर्षांच्या अंतरानें, हीं दोन दारें उघडलीं. पण एका दारांतून आंत गेलेल्या मुलांना दुसऱ्या दाराचा उपयोग होण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

हा काळ किती मोठा होता? अमेरिकेसारख्या देशांतही टेलिफोनच्या तारेवरून बहिऱ्या माणसाला दुसऱ्या बहिऱ्याशीं संभाषण करतां आलें तें १८७६ नंतर तब्बल अठ्ठ्याऐशीं वर्षांनीं, म्हणजे १९६४ सालीं. रॉबर्ट वाइटब्रेख्ट हे स्वतः बहिरे असलेले पदार्थविज्ञानवेत्ते आणि जेम्स मार्स्टर्स हे तसेच बहिरे असलेले दंतवैद्य. या दोघांनीं कॅलिफोर्नियांत हा प्रयोग केला. तारायंत्राच्या कचेरीत असतें तसें टंकलेखनाचें अवजड यंत्र त्यांनीं घेतलें. वाइटब्रेख्ट यांनीं एक जोड-उपकरण तयार केलें. तें टंकलेल्या अक्षरांचे सूर बनवी, ते सूर टेलिफोनच्या तारेवरून जात, आणि पलीकडच्या टोंकाला त्यांचीं पुन्हां अक्षरें होत. युक्ति उत्तम होती, पण यंत्र केवढें! कपाटासारखें तें एका जागीं ठाण मांडून बसे. पुढें त्याचा आकार पुष्कळ कमी झाला, तरी तें घरांतील मेजावरच राहिलें. शिवाय पलीकडे तसेंच यंत्र नसेल, तर मध्यें एक ऐकूं येणारा मध्यस्थ बसवावा लागे. तो बहिऱ्याचा मजकूर वाचून पलीकडच्यास बोलून दाखवी आणि त्याचें उत्तर टंकून इकडे पाठवी. अशा मध्यस्थांची सोय देशभर केलीच पाहिजे असा निर्बंध अमेरिकेंत १९९० च्या अपंगविषयक कायद्यानें घातला. म्हणजे घरांत बसून बोलण्याची सोय झाली. परंतु रस्त्यावर, आगगाडींत, दुकानांत बहिरा माणूस पूर्वींइतकाच एकटा राहिला.

आतां दुसरा धागा हातीं घेऊं. टाइपरायटरच्या कळांची जी मांडणी आज जगभर रूढ आहे, तिचा उगम ख्रिस्तोफर शोल्स या अमेरिकन गृहस्थाच्या खटपटींत आहे. त्याच्या यंत्राचें पेटंट १८६८ चें, आणि रेमिंग्टन कंपनीनें तें विक्रीस आणलें १८७४ सालीं. टेलिफोन आणि टाइपरायटर हीं अशीं जवळजवळ जुळीं भावंडें होत. एक कानाचें, दुसरें बोटांचें. परंतु तीं वाढलीं मात्र निरनिराळ्या खोल्यांत. टेलिफोनला आंकड्यांची तबकडी मिळाली, पुढें आंकड्यांच्या बारा कळा मिळाल्या. अक्षरांशीं त्याचा संबंध जवळजवळ नव्हताच. मोबाइल टेलिफोन निघाले तेव्हां त्यांनींही याच बारा कळांचा वारसा उचलला. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत मोबाइलवर पहिला लघुसंदेश पोहोंचला, आणि पुढें लोकांना टेलिफोनवरून लिहिण्याची गोडी लागली. पण लिहावयाचें कसें? एकेका कळीवर तीन-तीन, चार-चार अक्षरें कोंबलेलीं. इंग्रजींतील एस् हें अक्षर उमटविण्यासाठीं सातच्या कळीवर चार वेळां बोट आपटावें लागे. ज्याला नुसतें "येतों" एवढेंच कळवावयाचें, त्याचें काम यानें भागे. ज्याचें सारें बोलणेंच लिहून व्हावयाचें, त्याच्यासाठीं हा मार्ग नव्हता.

तेव्हां टाइपरायटरच्या साऱ्या कळा खिशांतील यंत्रावर आणाव्या, हें ओघानेंच आलें. अडचण होती ती जागेची. तळहाताएवढ्या क्षेत्रांत पडदाही मोठा हवा आणि कळाही बोटाला सांपडतील एवढ्या हव्या. एकाला जागा द्यावी तर दुसऱ्याची जाते. पुढील दहा-पंधरा वर्षांत जगांतील कुशल कारागिरांनीं या एकाच कोड्याचीं नाना उत्तरें काढलीं. १९९४ सालीं विक्रीस आलेल्या आयबीएमच्या सायमन या यंत्रानें कळा काढूनच टाकल्या व पडद्यावर बोट टेकून काम करण्याची सोय केली. पण तें यंत्र बोजड व काळाच्या फार पुढें असल्यामुळें टिकलें नाहीं. १९९६ सालच्या नोकियाच्या कम्युनिकेटरनें पुस्तकाप्रमाणें उघडण्याची रीत धरली. त्याचें वजन जवळजवळ चारशें ग्रॅम होतें. १९९९ पासून कॅनडांतील एका कंपनीनें ब्लॅकबेरी या घराण्याचीं यंत्रें काढलीं. त्यांत पडदा वर, कळा खालीं, आणि लिहावयाचें दोन अंगठ्यांनीं. २००३ च्या नोकिया ६८०० मध्यें दर्शनीं झांकण उघडलें कीं पडद्याच्या दोन्ही बाजूंस अक्षरांच्या कळा पसरत. २००४ अखेरच्या सीमेन्स एसके ६५ चा प्रकार तर आणखीच अजब. त्याचे दोन थर एकमेकांवर आडवे फिरवले कीं फुलीसारखा आकार होई, आणि त्या फुलीच्या दोन बाहूंवर कळा दिसत. पाहणारा थक्क होई. पण खिशांतून काढून चार ओळी लिहाव्या एवढी सहजता त्यांत नव्हती, आणि सीमेन्सचा मोबाइलचा धंदाच २००५ सालीं दुसऱ्याच्या हातीं गेला.

हिपटॉपचे कर्ते तिघे होते: अँडी रुबिन, जो ब्रिट आणि मॅट हर्शेन्सन. ॲपल, वेबटीव्ही अशा संस्थांत काम करून अनुभवी झालेल्या या मंडळींनीं २००० सालीं कॅलिफोर्नियांत कंपनी काढली, आणि तिला नांव दिलें डेंजर! म्हणजे धोका. एका जुन्या दूरचित्रवाणी मालिकेंतील यंत्रमानव संकट दिसतांच जो शब्द ओरडत असे, त्यावरून हें नांव घेतलेलें. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक हे पुढें या कंपनीच्या संचालकमंडळावर आले.

त्यांनीं काढलेली फिरत्या पडद्याची तोड साधी होती, पण साधेपणांतच तिचें शहाणपण होतें. पुस्तकासारखें मिटणारें यंत्र मिटलें म्हणजे पडदा आंत जातो. कोणाचा निरोप आला हें पाहण्यासही तें उघडावें लागतें. हिपटॉपचा पडदा मिटलेला असो वा उघडलेला असो, नेहमीं माणसाच्या तोंडासमोर असे. वाचावयाचें असेल तर तसेंच वाचावें. उत्तर लिहावयाचें मनांत आलें तर अंगठ्यानें एक टोला द्यावा कीं कळा हजर. पडदा एकशें ऐशीं अंशांतून फिरे, त्यामुळें त्यावरील मजकूर उलटा दिसला असता. म्हणून पडदा फिरतांच आंतील चित्रही आपसूक उलटविण्याची व्यवस्था केलेली होती. पडद्याच्या उजवीकडे एक बारीक चाक होतें. तें अंगठ्यानें फिरवून याद्या खालींवर सरकवितां येत. लिहावयाच्या कळा पुष्कळ प्रशस्त होत्या, कारण यंत्राची सारी लांबी त्यांना मिळालेली होती. दोन्ही हातांनीं यंत्र आडवें धरून दोन अंगठ्यांनीं लिहिणारी तरुण मंडळी इतक्या वेगानें लिहीत, कीं बोलणें व लिहिणें यांतील अंतरच बुजून जाई.

आणि त्या खट् आवाजाचें महत्त्वही थोडें नव्हे. घड्याळाची किल्ली, पेटीचें कुलूप, पंख्याचें बटण, यांच्या स्पर्शाला जसें एक समाधान असतें, तसें त्या पडद्याच्या फिरकीला होतें. माणूस विचारांत असला कीं उगीचच तो पडदा उघडमीट करीत बसे. माझ्याकडील यंत्र बंद पडून कित्येक वर्षें झालीं; पण मुलें त्याच्याकडे ओढलीं जातात तीं या एका गुणासाठीं.

तथापि नुसत्या सांध्याच्या कौशल्यानें कोणतेंही यंत्र जग बदलीत नाहीं. हिपटॉपची खरी करामत त्याच्या पोटांत नव्हती, ती दूर कंपनीच्या इमारतींतील संगणकांत होती. त्या संगणकांना सर्व्हर म्हणतात. हातांतील यंत्र अशक्त होतें. पहिल्या यंत्राचा पडदा तर रंगीतही नव्हता. म्हणून इंटरनेटवरील भारी पानें आधीं कंपनीच्या सर्व्हरवर येत. तेथें तीं हलकीं व आटोपशीर करून मग यंत्राकडे धाडलीं जात. पत्रें, मित्रांचे पत्ते, टिपणें, रोजनिशी, सारें यंत्रांत उमटतांच त्याची प्रत आपोआप सर्व्हरवर जाऊन बसे. यंत्र हरवलें, फुटलें, पाण्यांत पडलें, तरी चिंता नाहीं. नवें यंत्र घेऊन आपलें नांव व परवलीचा शब्द सांगितला कीं सारी दौलत पुन्हां हातीं येई. खेळ किंवा इतर कार्यक्रम हवे असतील, तर यंत्रावरच त्यांची यादी पाहून घेतां येत, आणि किंमत टेलिफोनच्या बिलांत लागून येई. आज ज्याला ॲप-स्टोअर म्हणतात, त्याचें हें पूर्वरूपच. आणि या साऱ्यासाठीं मासिक आकार ठरलेला. किती लिहिलें, किती वाचलें, याचा मीटर डोक्यावर टांगलेला नव्हता. सवलत वजा जातां सुमारें दोनशें डॉलरांना मिळणारें हें यंत्र सावकारांसाठीं व अधिकाऱ्यांसाठीं नव्हतें. महाविद्यालयांतील मुलें, गायक, नट आणि त्यांचे चाहते यांच्या हातीं तें पडलें, आणि स्मार्टफोन ही कचेरीची वस्तु नसून मैत्रीची वस्तु आहे, हें अमेरिकेंत प्रथम त्यानें दाखवून दिलें.

परंतु त्याचे सर्वांत कृतज्ञ गिऱ्हाईक वेगळेच निघाले. अमेरिकेंतील बहिऱ्या लोकांनीं हें यंत्र असें कांहीं उचलून धरलें, कीं कित्येक वर्षें त्यांच्या मेळाव्यांत साइडकिक ही जणूं ओळखीची खूणच झाली. तें त्यांच्यासाठीं म्हणून बनविलेलें नव्हतें. दुमार्गी पेजर त्यांच्यांतील कांहींजण आधींच वापरीत होते. पण पूर्ण कळफलक, तत्काळ संदेश, पत्रव्यवहार आणि इंटरनेट हें सर्व एकत्र, आणि तेंही सामान्य माणसाला परवडेल अशा दरांत, या यंत्रानेंच दिलें. निरोप आला कीं तें खिशांत थरथरे आणि दिवा चमके; घंटेची गरज नाहीं. मध्यस्थाची सेवाही आतां संदेशाच्या वाटेनें घेतां येऊं लागली. म्हणजे रस्त्यांत मोटार बंद पडलेला बहिरा माणूस जागच्या जागीं उभा राहून मदत मागूं शकला. टी-मोबाइलनें या लोकांसाठीं बोलण्याचे पैसे न घेतां नुसत्या लेखनाचा दर ठेवला. ज्या उपकरणाचें नांवच दूर-ध्वनि, त्यांतून ध्वनि वजा केला तरी तें पूर्ण किंमतीचें ठरावें, ही गोष्ट बेल यांनीं पाहिली असती तर त्यांना काय वाटलें असतें?

येथें एक खुलासा केला पाहिजे. लेखन ही बहिऱ्यांची स्वभाषा असतेंच असें नाहीं. त्यांतील अनेकांची भाषा हातांच्या खुणांची असते, तिला स्वतःचें व्याकरण असतें, आणि इंग्रजी ही त्यांना शिकलेली दुसरी भाषा असते. म्हणून पुढें चालतें चित्र पाठविणारे टेलिफोन निघाले तेव्हां पुष्कळांनीं पडद्यावर समोरासमोर खुणा करून बोलण्याचा मार्ग आनंदानें स्वीकारला. फिरत्या पडद्याचें यंत्र हा मुक्काम नव्हता. तो पूल होता. पण पलीकडे जातां आलें तें त्या पुलावरून, हें विसरतां कामा नये.

आतां या यंत्राची वंशावळ पाहूं. २००२ सालीं रुबिन यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत या यंत्रावर व्याख्यान दिलें. श्रोत्यांत गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन होते. हातांतल्या यंत्रांतून आपलीच शोधसेवा चालते आहे हें पाहून पेज यांचें कुतूहल जागें झालें. रुबिन यांनीं डेंजर सोडून २००३ सालीं कांहीं सोबत्यांसह अँड्रॉइड नांवाची नवी कंपनी काढली. २००५ सालीं ती गूगलनें विकत घेतली. २००८ च्या ऑक्टोबरांत अँड्रॉइडवर चालणारा पहिला टेलिफोन अमेरिकेंत विक्रीस आला, तो त्याच टी-मोबाइलच्या दुकानांतून. त्याचा पडदाही कमानीसारखी वळणें घेत बाजूला सरके, आणि खालून कळांच्या ओळी निघत. आज आपल्या शहरांतील आणि खेड्यांतील ज्या असंख्य टेलिफोनांत अँड्रॉइड आहे, त्यांच्या पूर्वजांत माझ्या खणांतलें हें साबणाच्या वडीएवढें यंत्र मोडतें.

मात्र वंश वाढला तरी मूळ पुरुषाच्या नशिबीं सुखाचें मरण नव्हतें. २००७ सालीं ॲपलच्या आयफोननें कळांना रजा दिली. लखलखीत कांचेवरच अक्षरें उमटूं लागलीं, आणि सांधे, फिरक्या, सरक्या यांचें युग संपत आलें. २००८ सालीं मायक्रोसॉफ्टनें डेंजर कंपनी विकत घेतली. त्यानंतरच्या वर्षीं, २००९ च्या ऑक्टोबर महिन्याच्या आरंभीं, साइडकिक वापरणाऱ्या अनेकांच्या यंत्रांतील पत्ते, छायाचित्रें व टिपणें एकाएकीं नाहींशीं झालीं. १० ऑक्टोबरला जाहीर निवेदन निघालें, कीं यंत्रांत जें उरलें नाहीं तें सर्व्हरवरूनही जवळजवळ निश्चितपणें गेलेंच समजावें. मुख्य कोठार तर बिघडलेंच, पण त्याची राखीव प्रतही त्याच बिघाडांत सांपडली होती. पांच दिवसांनीं, गेलेली बहुतेक माहिती परत मिळाली असें मायक्रोसॉफ्टनें कळविलें, आणि पुढें ती टप्प्याटप्प्यानें लोकांना परत करण्यांत आली. पण विश्वास ही वस्तु टप्प्याटप्प्यानें परत मिळत नसते. २००५ सालींच एका प्रसिद्ध अमेरिकन युवतीच्या साइडकिकमधील खाजगी पत्ते व छायाचित्रें चोरून जगजाहीर करण्यांत आलीं होतीं. तेव्हां कोठाराला चोरवाट असते हें कळलें होतें. आतां कोठार स्वतःही कोसळतें हें कळलें.

डेंजरची मंडळी हाताशीं घेऊन मायक्रोसॉफ्टनें २०१० च्या मे महिन्यांत किन नांवाचे दोन टेलिफोन काढले. दोन महिनेही पुरते भरले नाहींत तोंच ते गुंडाळावे लागले. ३१ मे २०११ रोजीं डेंजरची सर्व्हर-सेवा कायमची थांबली. साइडकिक हें नांव त्या वर्षीं दुसऱ्या एका कंपनीनें बनविलेल्या अँड्रॉइड टेलिफोनला देण्यांत आलें. पण जुनीं यंत्रें, ज्यांचा प्राणच दूरच्या इमारतींत होता, तीं त्या दिवशीं मेलीं. लहानपणीं आपण सर्वांनीं राक्षसाची गोष्ट ऐकलेली असते. त्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटांत ठेवलेला असतो. पोपटाची मान मुरगळली कीं राक्षस इकडे कोसळतो. माझ्या खणांतील यंत्राचें नेमकें असेंच झालें. त्याचा सांधा अजून शाबूत आहे, कळा शाबूत आहेत, पडदा खट् करून फिरतो. पण पोपट मेला आहे.

या कथेचें तात्पर्य दुहेरी आहे. पहिलें असें, कीं यंत्र कोणासाठीं केलें यापेक्षां तें कोणाच्या उपयोगी पडलें, यावर त्याची किंमत ठरते. बेल यांनीं बहिऱ्यांचें चिंतन करतां करतां ऐकणाऱ्यांसाठीं यंत्र केलें. डेंजरच्या तिघांनीं चटपटीत तरुणांचें चिंतन करतां करतां बहिऱ्यांसाठीं यंत्र केलें. हेतु आणि फळ यांची गांठ इतिहासांत नेहमींच पडते असें नाहीं. आपण मराठी माणसांनींही हा न्याय लक्षांत घेण्यासारखा आहे. ठोकळ्यासारख्या घट्ट कळांवर देवनागरी बसविणें किती कठीण, हें टाइपरायटरच्या काळांत आपण पुरतें अनुभवलें आहे. जोडाक्षरें, वेलांट्या, रफार कोठें बसवावे यावरून लिपिसुधारणेचे वाद रंगले. साइडकिकच्या सुबक कळांवर कोरलेलीं होतीं तीं रोमन अक्षरें. कळा जाऊन कांच आली, तेव्हां कळांच्या भोक्त्यांना हळहळ वाटली. पण कांचेवर कोणतीही लिपि उमटूं शकते, म्हणून माझी नात आज आपल्या आजीला शुद्ध देवनागरींत पत्र धाडते. तेव्हां त्या फिरत्या पडद्याबद्दल मला कितीही माया असली, तरी त्याच्या जाण्याचें दुःख मी मर्यादेंतच करतों.

दुसरें तात्पर्य मात्र मर्यादेंत ठेवण्यासारखें नाहीं. आपलीं पत्रें, छायाचित्रें, आप्तांचे पत्ते हल्लीं आपण सारे दूरच्या कोठारांत ठेवतों. कोठार कोणाचें, किल्ली कोणाकडे, आणि मालक बदलला तर काय, हें आपण विचारीत नाहीं. सोय मोठी आहे. ती नाकारावी असें मी म्हणत नाहीं. पण आमच्या घरीं आजोबांच्या पत्रांची एक पत्र्याची पेटी आहे. तिला गंज चढला आहे, कडा वाळवीनें खाल्ल्या आहेत, आणि तरीही तींतील पत्र काढून वाचतां येतें. ज्यांचीं पत्रें २००९ च्या त्या पांच दिवसांत हरवलीं आणि दैवानें परत मिळालीं, त्यांनीं नंतर आपल्या मजकुराची एखादी प्रत स्वतःच्या घरांत ठेवली असेल, तर तीच या यंत्राची खरी शिकवण म्हणावी लागेल. आपण त्या प्रसंगाची वाट न पाहतां ती घ्यावी.

शेवटीं एकच गोष्ट. हें भाषण मी आवाजानें करीत आहें, आणि ज्या लोकांची कथा मी सांगितली त्यांतील एकालाही तें ऐकूं येणार नाहीं. पुढील महिन्यांत तें मासिकाच्या पानावर अक्षरांत उतरेल, तेव्हांच तें त्यांच्यापर्यंत जाऊं शकेल. आपल्या घरीं, शेजारीं, नात्यांत कोणी न ऐकणारें माणूस असेल, तर तें पान त्याच्या हातीं अवश्य द्यावें.